शिपाई जागेवर

५ ऑगस्ट

बारक्या,

तू आग विझवायचा सिलिंडर डिकीत ठेवणार आहेस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. दुसरं काही कारण नाही.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. बाबा गेल्यापासून अकरा वर्षांत तू मला ओळ लिहिली नाहीस, मीही तुला नाही. आम्हा दोघींचं बोलणं मात्र चालू असतं, हे ठाऊक नसेल तर आता कळू दे. ती कौतुकानं सांगत होती की बाबांची गाडी पुन्हा चालू झाली, रंग चढला, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तू ती नेणार आणि शेजारच्या सीटवर नात बसणार. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिथे तपासणीला सिलिंडर लागतो म्हणे. फाटकापाशी पट्ट्यानं बांधून दाखवणार आणि आत शिरलं की डिकीत टाकणार. गाडीच्या तळाला भोक पाडायचं नाही म्हणतात." मी विचारलं, "हे डोकं त्याचं की मिस्त्रीचं?" ती म्हणाली, "दोघांचं मिळून एकच आहे."

फोनवर तू सगळ्याला 'हो हो' म्हणतोस आणि करायचं तेच करतोस, म्हणून लेखी देते. सिलिंडर चालवणाऱ्याच्या हाताशी हवा, बसल्या जागेवरून, पट्टा न सोडता. शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली, आडवा. उभा ठेवलास तर ब्रेक मारताच सुटून पेडलखाली जाईल आणि मग आगीची वाट पाहायलाच नको. त्याला धरून ठेवणारी पकड लोखंडी हवी. प्लास्टिकची गाडीच्या हादऱ्यांनी चार महिन्यांत तडकते. बोल्ट तळातून आरपार, खालून रुंद वॉशर. आणि गॅसचा घे, पावडरचा नको. पावडर आग विझवते खरी, पण नंतर उरलेलं सगळं खात बसते.

कॉलेजच्या रसायनशाळेत मी तेहतीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या घरात तरी कुणाला सांगावं लागू नये.

ताई


१२ ऑगस्ट

ताईस नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं, या वयात मी कुठल्या विषयात नापास झालो? उघडलं तर खरंच झालो होतो.

पत्र आलं हे फार बरं झालं. कारण काही का असेना.

आता माझी बाजू ऐक. गाडीला मी सहा वर्षं दिली आहेत. तळाचा पत्रा मूळचा आहे, बाबांच्या वेळचा. मिस्त्री म्हणतो, "साहेब, दात काढा म्हणा, काढतो, या पत्र्याला ड्रिल लावणार नाही." मेळाव्यातही नवं भोक दिसलं की गुण कापतात. मला गुणांचं नाही, पण त्या पत्र्यावर बाबांचे बूट घासलेत गं. तिथे मी ड्रिल कसं लावू?

नातीला मी प्रश्नपत्रिका म्हणतो. सात वर्षांची आहे, सकाळी डोळा उघडल्यापासून प्रश्न. तिला शिपायाची गोष्ट सांगितली. आपल्या गाडीत एक पितळी पंप होता, आग विझवायचा. बाबा त्याला शिपाई म्हणायचे. किल्ली फिरवण्याआधी ते विचारायचे, "शिपाई?" मग शेजारी बसेल त्यानं हात खाली नेऊन पितळेला लावायचा आणि म्हणायचं, "जागेवर!" त्याशिवाय गाडी हलायची नाही, मग ती आई असो की त्यांचे साहेब असोत. तिला हे इतकं आवडलं की आता घरात जेवायला बसण्याआधी मला विचारते, "शिपाई?" आणि मी पाण्याच्या तांब्याला हात लावतो.

मग साहजिकच तिनं विचारलं की त्या गाडीला आग कशी लागली. सांगितलं. तुला वसतिगृहात सोडायला निघालो होतो, कॉलेजचा पहिला दिवस. चढावर पेट्रोलचा वास आला आणि बॉनेटच्या फटींतून धूर. बाबांनी हात खाली घातला, तर शिपाई तिथे नव्हता. तो डिकीत होता, तुझ्या गादीच्या वळकटीखाली. मीच ठेवला होता तिथे. बाबांना सांगायचं राहिलं. किल्ली काढून, मागे धावून, वळकटी उपसून तो हाती येईपर्यंत पुढची बाजू पेटली, आणि त्यांनी उघड्या हातानं बॉनेट उचललं. एका लॉरीवाल्यानं वाळू मारली म्हणून गाडी तरी राहिली. उजव्या हाताची दोन बोटं परत वाकली नाहीत. नकाशे काढणारा माणूस, त्यानंतर निवृत्तीपर्यंत कचेरीच्या दप्तरखोलीत गठ्ठ्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसला. आणि काकांनी मला 'आगलाव्या' नाव ठेवलं, ते मिशा आल्या तरी पुसलं गेलं नाही.

एक मात्र अजून कळत नाही. बाबांनी त्या दिवशी विचारलंच नाही का? मी मागे डिकी लावत होतो, मला ऐकू आलं नाही. घाईत विसरले असतील. विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस.

बारक्या


१६ ऑगस्ट

बारक्या,

नवं भोक पाडावं लागणार नाही. शेजारच्या सीटच्या पुढचा गालिचा उचल. त्याखाली डांबरी कागद असेल, तोही उचल. चार भोकं आहेत, जुन्या शिपायाच्या पकडीची. बुजवलेली असतील, मोकळी कर आणि तिथेच नवा बसव. पत्रा मूळचा, भोकंही मूळचीच. तुझ्या मिस्त्रीचे दात त्याच्याकडेच राहू देत.

तुझ्या बायकोकडून कळलं की जुना पितळी पंप तू घासून चकचकीत केला आहेस आणि शोभेला तोच लावायचा विचार आहे. तसं करू नकोस. त्यात जे रसायन भरायचे ते तापलं की विषारी वायू होतो. पुढे ते बंद झालं ते उगीच नाही. रिकामा आहे, म्हणशील. रिकामा तर मुळीच नको. रिकामा शिपाई म्हणजे खोटं उत्तर.

पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या घातल्यास का? घातल्या नसतील तर आधी ते कर. बॅटरी तोडायचा खटका बसव. आणि नातीला आताच शिकव की धूर दिसला तर बॉनेट सताड उघडायचं नाही. हवा लागली की ज्वाळा तोंडावर येते. बोटभर फट करायची आणि त्यातून मारायचं.

बाकी गोष्टी जुन्या झाल्या. कुणी काय विचारलं आणि काय नाही, ते आता उकरून कुणाचा फायदा आहे?

ताई


२२ ऑगस्ट

ताईस नमस्कार.

भोकं सापडली! मिस्त्री, मी आणि प्रश्नपत्रिका असे तिघं गुडघ्यांवर बसलो होतो. डांबरी कागद खरवडला आणि खाली ती चारही, अगदी ओळीत. बाबांनी पाडलेली आहेत हे सांगायची गरजच नाही. कर्कटक लावून आखल्यासारखी आहेत. मिस्त्रीनं हात जोडले. म्हणाला, "सगळं स्वतःच करणारं असं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं असतं तर मी उपाशी मेलो असतो."

पण गंमत पुढे आहे. भोकांत बुचं होती, सायकलच्या ट्यूबची, कात्रीनं गोल कापलेली. गोल म्हणजे नाण्यासारखी गोल. आपल्या घरात इतकं नीट कापणारं कोण होतं, याचा विचार करतोय. मी तर नव्हतो. मी कापलेल्या पतंगाला चार कोपरे सापडत नसत.

आता अडचण सांगतो. बाजारात मिळणाऱ्या एकाही पकडीची भोकं या भोकांशी जुळत नाहीत. लांबीत पावणेपाच इंच, रुंदीत दोनला थोडं कमी. मिस्त्री म्हणतो, जुन्या पकडीची तळपट्टी मिळाली तर वरची कडी नव्या सिलिंडरच्या मापाची करून तिच्यावर बसवून देतो, नाहीतर ड्रिल. आणि ड्रिल लावायचं तर दुसरा मिस्त्री बघा, हेही म्हणाला. शेड, माळा, आईची ट्रंक, सगळं शोधलं. तळपट्टी नाही. आग लागली तेव्हा ती गाडीत होती हे नक्की. मग काढली कुणी?

वीस तारखेपर्यंत मिळाली नाही तर पट्टा आणि डिकी, दुसरा मार्ग नाही. नातीला शब्द दिलाय. तिनं मैत्रिणींना सांगून ठेवलंय की ती 'जागेवर' म्हणणार आहे. शिपाई डिकीत असताना तिनं हात कशाला लावायचा आणि काय म्हणायचं, ते तू सांग.

बारक्या


१० सप्टेंबर

बारक्या,

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. रोज उत्तर लिहिलं आणि रोज फाडलं. आज लिहीन ते टाकणार आहे, कारण तुझ्या शेवटच्या वाक्यानं पळवाट ठेवलेली नाही. सात वर्षांच्या मुलीला रिकाम्या जागेवर हात ठेवून 'जागेवर' म्हणायला लागू नये. मी म्हटलं आहे. तिनं म्हणू नये.

तळपट्टी माझ्याकडे आहे. बाबा दवाखान्यात होते, गाडी ओढून आणून शेडमध्ये उभी केली होती. दुपारी सगळे त्यांच्याकडे गेले तेव्हा मी पान्यानं चार बोल्ट काढले. भोकं उघडी दिसत होती, ती ट्यूब कापून बुजवली. गोल कापली, कारण मला वेडंवाकडं कापताच येत नाही. रसायनशाळेच्या खणात ती तेहतीस वर्षं कुलपात होती. आता घरी आहे. दर वर्षी तिला तेल लावते. गंज नाही.

आता दुसरं. तू लिहिलंस, 'मीच ठेवला होता, बाबांना सांगायचं राहिलं.' अर्धं लिहिलंस. मला पुस्तकांची पेटी पायाशी हवी होती आणि शिपाई पोटरीला टोचत होता. मी म्हणाले, "तो डिकीत टाक." तू म्हणालास, "बाबांना सांगू?" मी म्हणाले, "तू वळकटी बघ. मी सांगते." सांगायचं तुझं राहिलं नव्हतं. ते माझं काम होतं. चौदा वर्षांचा होतास, बहिणीनं सांगितलेलं ऐकलंस.

आणि बाबांनी विचारलं होतं. विसरणारा माणूस होता का तो? तू मागे डिकीचं झाकण आपटत होतास तेव्हा त्यांनी किल्लीला हात लावून विचारलं, "शिपाई?" मी हात खाली नेला. तो रिकाम्या पकडीला लागला. मी म्हणाले, "जागेवर."

सवयीनं तोंडातून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. सवयीनं गेलं नाही. 'नाही' म्हटलं असतं तर ते उतरले असते, वळकटी निघाली असती, पेटी डिकीत गेली असती आणि अर्धा तास मोडला असता. मला पहिल्या दिवशी उशिरा पोचायचं नव्हतं. एवढंच. इतक्या लहान कारणासाठी.

धूर आला तेव्हा त्यांचा हात खाली आला आणि माझ्या पेटीवर आपटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग किल्ली काढून धावले. त्यानंतर चाळीस वर्षं जगले, पण त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. मी दर सुट्टीत घरी यायचे ते, आज विचारतील, असं धरून. विचारलं नाही. काका तुला आगलाव्या म्हणाले तेव्हा मी पाणी आणायला आत गेले. तुझ्या लग्नात म्हणाले तेव्हाही मी आतच होते. आत जायला मला नेहमी काहीतरी काम सापडायचं.

बाबा गेले तेव्हा 'ती गाडी भंगारात घाला' असं मी म्हणाले. त्याचा तुला राग आला आणि तू लिहायचं थांबलास, हे मला समजलं. गाडी नसती तर विचारायलाही काही उरलं नसतं, म्हणून म्हणाले.

मुलांना मी इतकी वर्षं आगीचे नियम घोकायला लावले. 'बाई फार कडक' म्हणायचे. कडक नव्हते मी. भ्यायलेली होते.

तळपट्टी पार्सलनं पाठवते. मेळाव्याआधी पोचेल.

ताई


१३ सप्टेंबर

ताई,

पार्सल करू नकोस. हातात आणून दे.

मला माहीत होतं. अकरा वर्षांपासून.

बाबा गेल्यावर गाडीची वही मला मिळाली. आठवते ना, हिरव्या कापडाची? कधी किती पेट्रोल, कधी प्लग बदलले, सगळं त्या नकाशावरच्यासारख्या अक्षरात. आगीच्या तारखेपर्यंत अक्षर तसं आहे. मग दोन महिने काही नाही. मग एकच नोंद आहे, डाव्या हाताची, बालवाडीतल्या मुलासारखी, ओळ सोडून खाली घसरणारी. जशीच्या तशी उतरवतो:

'शिपाई जागेवर नव्हता. विचारले होते. उत्तर मिळाले होते. उत्तरावर गाडी सुरू केली, स्वतः हात लावून पाहिले नाही. यापुढे चालवणाऱ्याने स्वतः पाहावे. मुलाला रागावू नये. मुलीला विचारू नये.'

यापुढे म्हणाले, पण त्या बोटांनी पुन्हा स्टिअरिंग धरता आलं नाही. वहीत पुढची पानं कोरी आहेत.

भंगार म्हणालीस त्याचा राग चार दिवस होता. खरा राग हा होता, आणि मोठा होता, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर आगलाव्या म्हणून हसून घेतलं मी, आणि तू आत पाणी भरत होतीस. पण वहीत लिहिलेलं, 'मुलीला विचारू नये'. बाबांनी विचारलं नाही, मग मी कोण? पत्र लिहायला बसलं की तेवढंच विचारावंसं वाटायचं. ते विचारायचं नाही म्हटल्यावर लिहायचं काय, हवापाणी? म्हणून लिहिलंच नाही. तुझं पत्र आलं तेव्हा नियम थोडा वाकवला आणि एक खडा टाकून पाहिला. तू टाळलंस. दुसरा टाकला, त्या बुचांचा. त्यावर सतरा दिवस उत्तर नाही. बायको म्हणाली, "गेली तुमची बहीण परत अकरा वर्षांसाठी."

आलीस परत. बरं वाटलं. राग पूर्ण गेला असं म्हणत नाही, पण आता तो बसायला जागा शोधतोय आणि सापडत नाहीये.

मिस्त्रीनं कडी तयार ठेवली आहे. गॅसचाच सिलिंडर आणलाय. नळ्या नव्या आहेत, खटका बसवलाय. एकोणीस तारखेला सकाळच्या गाडीनं ये, घ्यायला येतो. आणि पेन आण. वहीत नोंद तू करायची.

बारक्या


हिरव्या वहीतली नोंद. १९ सप्टेंबर.

आज खालील वस्तू दिल्या आणि घेतल्या.

मी बारक्याला दिलं: शिपायाची मूळ लोखंडी तळपट्टी, एक, तेल लावलेली. मूळ बोल्ट तीन. चौथा माझ्याकडून कधीतरी हरवला. तो मिस्त्रीनं नवा घातला आणि डोक्याला काळा रंग दिला, तरी ओळखू येतो. तसाच राहू द्यावा.

मिस्त्रीनं दिलं: नव्या मापाची लोखंडी कडी, खटक्याची. एका हातानं उघडते. माझ्या हातानं तीनदा उघडून पाहिली. रुंद वॉशर चार. नवं भोक एकही नाही.

सिलिंडर गॅसचा, काटा हिरव्यात, तपासणीची तारीख तळाशी लिहिलेली. शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली आडवा बसवला. हलवून पाहिला, हलत नाही. पितळी पंप घरात कपाटावर ठेवला. तो आता पेन्शनीत आहे, असं नात म्हणते.

बारक्यानं मला दिलं: 'आगलाव्या' हे नाव, बरंच वापरलेलं. दुपारच्या जेवणाला काकांचे दोन्ही मुलगे बोलावले होते. त्यांच्यासमोर सगळं सांगून मी ते मागून घेतलं. त्या वेळी मी आत गेले नाही. थोरला म्हणाला, "आता या वयात काय फरक पडतो?" बारक्या म्हणाला, "मला पडतो."

मी नातीला दिलं: शेजारच्या सीटवर बसायचा मान, उद्यापासून. आजची फेरी माझी आहे, असं तिनंच ठरवलं. ती मागे बसली आणि तिनं सतरा प्रश्न विचारले.

गाडीत बसल्यावर बारक्यानं किल्लीला हात लावला आणि विचारलं, "शिपाई?"

मी वाकून हात लावला. गार लागला. म्हणाले, "जागेवर."

तरी त्यानं वाकून स्वतः हात लावून पाहिला, मगच किल्ली फिरवली. बरोबर केलं.